मेलबर्नहून यायला किती वेळ लागतो

१

मी विमानाची तिकिटं विकते, पण माझ्या दुकानात येऊन अंतर कोणी विचारत नाही. बायका येतात, डोक्याचा रुमाल सैल करतात, खुर्चीत टेकतात आणि विचारतात, "लाम्ब्रिनी, चीजची पाई टिकेल का गं तिथपर्यंत?" तिथपर्यंत म्हणजे मेलबर्नपर्यंत. ग्रीसमधल्या एपिरसच्या डोंगरातली आमची निम्मी गावं तिकडे राहायला गेली आहेत. उरलेली निम्मी त्यांना पाई पाठवत असतात.

मग मी हिशेब सांगते. अथेन्सहून दोहा चार-साडेचार तास, तिथे विमान बदलायला दोन-तीन तास, पुढे मेलबर्न तेरा-चौदा तास. पाई टिकेल, पण तिकडचे कस्टमवाले ती कचऱ्यात टाकतील. बायका कस्टमवाल्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार करतात आणि तरीही पाई बांधतातच.

बावीस वर्षं मी हेच करते आहे. लग्न केलं नाही. त्यावर गावाला जे बोलायचं होतं ते बोलून झालं आहे. मेलबर्न अथेन्सपासून हवेतून सरळ मोजलं तर पंधरा हजार किलोमीटरला थोडं कमी. कोणता माणूस आत्ता कुठल्या समुद्रावर असेल, हे मला घड्याळाकडे बघून सांगता येतं. याचा मला गर्व होता, आणि तो मी कधी लपवला नाही.

माझा धाकटा भाऊ वायोस पंचवीस वर्षांपूर्वी मेलबर्नला गेला. आमची आई, पोलिक्सेनी, त्याला शेवटचं भेटली ती बाबांच्या मातीला, त्यालाही अकरा वर्षं झाली. त्यानंतर तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला, फोनच्या पडद्यावरचं तिला काही दिसेनासं झालं आणि वायोस तिच्यासाठी नुसता आवाज होऊन राहिला. या जानेवारीत तिच्या छातीत पाणी झालं. आरोग्य केंद्रातला डॉक्टर मला व्हरांड्यात घेऊन गेला आणि म्हणाला, दवाखान्यात हलवून उपयोग नाही, दोन दिवस धरा.

आई बोलायची जवळजवळ थांबली होती. डोळे मिटूनच एकच गोष्ट विचारायची. "वायोस कुठवर आला?"

मी त्याचं तिकीट काढलं. दुसऱ्या दिवशी आमच्याकडे संध्याकाळचे पाच वाजले असताना त्यानं विमानतळावरून फोन केला. मागे विमानांच्या घोषणा चालू होत्या. "बसतोय आता," तो म्हणाला. "तिला सांग, धीर धर. तू तिला धरून ठेव, लाम्ब्रिनी."

मी हिशेब केला. सकाळी सातच्या सुमाराला दोहा, दुपारी अथेन्स, तिथून भाड्याच्या गाडीनं डोंगर चढून रात्री आठला घरी. तेवढा वेळ आईला धरून ठेवायचं होतं. मला दुसरं काही नको होतं.

२

आमच्याकडे एक रीत आहे. मरणाऱ्याचा जीव कोणात तरी अडकलेला असतो आणि तो माणूस येण्यासारखा नसतो. तुरुंगात असतो, जहाजावर असतो किंवा भांडून कायमचा गेलेला असतो. अशा वेळी त्याचं अंगात घातलेलं एखादं कापड शोधून मरणाऱ्याच्या पायांवर टाकतात आणि कानात सांगतात, आला बघ. मग जीव सुटतो. मी हे घडताना पाहिलं आहे. त्यात मला कधी भीतीचं काही वाटलं नव्हतं. म्हाताऱ्या माणसाला गोड बोलून झोपवावं, तेवढंच ते वाटायचं.

स्पिरिदूला मावशी, आईची धाकटी बहीण, दोन दिवस आमच्याकडेच होती. तिला आईची धाप बघवत नव्हती. संध्याकाळपासून ती माझ्या मागे लागली होती.

"त्याचा कोट आहे ना पेटीत? आण. किती हाल करणार आहेस तिचे?"

"मावशी, ती रीत न येणाऱ्या माणसासाठी आहे. वायोस निघालाय. विमानात बसलाय."

"विमानात बसलाय म्हणजे आलाय का?"

"उद्या रात्री आठला तो या दारात असेल."

"तुझं ते आठ तुझ्यापाशीच ठेव," मावशी म्हणाली. "तिचं तिला ठरवू दे."

मी पेटीची किल्ली खिशात टाकली. आईचा पलंग आम्ही थंडीसाठी शेगडीच्या खोलीत आणला होता. मी तिच्या उशाशी खुर्ची ओढून बसले आणि तिच्या प्रत्येक श्वासाबरोबर मनात पुढचा श्वास मोजत राहिले. कधी तरी डोळा लागला.

जाग आली तेव्हा बाहेर नुसतं फटफटत होतं. आईचा श्वास चालू होता. तिच्या पायांवर काळा लोकरी कोट पसरलेला होता. वायोसचा. जाताना त्यानं तो खुंटीवरच ठेवला होता, तिकडे उन्हाळा आहे म्हणून. खोलीभर डांबरगोळ्यांचा वास सुटला होता.

मावशी शेगडीपाशी उकिडवी बसली होती, माझ्या खिशातून काढलेली पेटीची किल्ली तिच्या मुठीत होती. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही.

"सांगितलं मी तिच्या कानात," ती म्हणाली. "मला वाटलं, सुटेल. नाही सुटली."

मला संताप आला. मी कोट उचलायला गेले तर मावशीनं माझा हात धरला. टाकलेलं कापड उचलायचं नसतं म्हणे. मी हात सोडवून घेतला, पण कोट तसाच राहू दिला. भांडण केलं असतं तर आई जागी झाली असती.

३

रात्री बर्फ पडलं होतं. सकाळची बस आली नाही, म्हणजे घाट बंद होता. बर्फ काढणारी गाडी दुपारपर्यंत तरी येईल का, अशी काळजी करत मी स्वयंपाकघरात आईसाठी त्राहानाची, म्हणजे आंबट दुधात वाळवलेल्या गव्हाच्या रव्याची, पेज ढवळत होते. ती आता दोन चमच्यांच्या वर घ्यायची नाही. तरी मी भांडंभर करत होते.

बैठकीच्या खोलीत खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

आमच्या बैठकीच्या खोलीत कोणी बसत नाही. ती पाहुण्यांसाठी, लग्नातल्या मंडळींसाठी, आणि घरात कोणी गेलं तर त्याला ठेवण्यासाठी. हिवाळ्यात तिथे शेगडीही पेटत नाही. मला वाटलं, मावशी तिथे झाडायला गेली असेल. आई जिवंत असताना तिनं ती खोली आवरायला घ्यावी, याचा मला पुन्हा राग आला. मी हात पुसत तिकडे गेले आणि दार ढकललं.

खिडकीकडे पाठ करून वायोस बसला होता.

खरं सांगते, आधी मला आनंदच झाला. "आलास?" एवढंच म्हणाले. दोन दिवस मी जो श्वास धरून बसले होते तो सुटला आणि मला रडू यायला लागलं.

खिडकीची झडप अर्धी उघडी होती. बर्फाचा उजेड त्याच्या मागून येत होता आणि चेहरा अंधारात होता. तो उठला नाही. हात गुडघ्यांवर, पाय जवळ घेतलेले. लहानपणी पाद्री घरी आले की आम्हांला असंच बसवायचे.

मी पुढे झाले, तर तो म्हणाला, "हळू. तिला झोपू दे." आवाज त्याचाच होता. जरा बसलेला, दमलेला. मग त्यानं विचारलं, "जागी आहे का ती? येऊ का आत?"

"झोपलीय. थांब, कॉफी करते. गारठला असशील."

मी पळतच स्वयंपाकघरात आले.

४

कॉफीच्या छोट्या भांड्यात पाणी ठेवलं, कॉफी आणि साखर घातली, आणि सवयीनं माझी नजर घड्याळाकडे गेली. सातला काही मिनिटं कमी होती. त्याचं विमान अजून दोहालाही टेकलं नसणार.

मी तशीच उभी राहिले. कॉफी उतू गेली.

आपल्याला आवडलेल्या गोष्टीसाठी डोकं किती पटापट कारणं काढतं, हे मला त्या दिवशी कळलं. आदल्या दिवशीच निघाला असेल. मला चकित करायचं असेल. पण तिकीट मी काढलं होतं आणि तो विमानात बसल्याचं माझ्याच फोनवर आलं होतं. मग ते माझं वाचण्यात चुकलं असेल. त्यानं फोन अथेन्सहून केला असेल, विमानतळ सगळे सारखेच वाजतात. पण अथेन्सहून आला तर वर कसा आला? घाट बंद होता.

आणि मग मला आणखी एक गोष्ट लक्षात आली. वायोसला टक्कल पडून दहा वर्षं झाली आहेत. खिडकीपाशी बसलेल्या माणसाच्या डोक्यावर केस होते. उजेड त्यांच्या कडेनं येत होता.

टोपी असेल, मी म्हणाले. हे मी मोठ्यानं म्हणाले.

मी कॉफी न घेताच आधी शेगडीच्या खोलीत गेले. मावशी भिंतीला टेकून पेंगत होती. तिला हलवून विचारलं, दार तू उघडलंस का? कुठलं दार, ती म्हणाली. आईच्या पायांवर नुसती घोंगडी होती. कोट नव्हता. मी पलंगाखाली पाहिलं, मावशीच्या मागे पाहिलं, पेटी उघडून पाहिली. मावशी माझ्याकडे बघत राहिली आणि तिचा चेहरा हळूहळू उतरत गेला. मला काही सांगावंच लागलं नाही.

"तो आलाय का?" ती कुजबुजली.

"गप्प बस," मी म्हणाले.

५

मी कॉफी घेऊन गेले. नेली नसती तर मी घाबरले असं झालं असतं. कप त्याच्यासमोरच्या स्टुलावर ठेवताना मी कोटाच्या बाहीकडे पाहिलं. कोपरावर आईनं लावलेलं ठिगळ होतं. डांबरगोळ्यांचा वास येत होता. त्याच्या चेहऱ्याकडे मात्र मी पाहिलं नाही. पाहणार होते, पण मान वर होईना.

"जागी झाली का?" त्यानं विचारलं.

"नाही."

"मी थांबतो."

इतकं समजूतदारपणे म्हणाला तो. खरा वायोस कधीच थांबायचा नाही. रांगेत उभं राहायला सांगितलं तर घरी निघून यायचा. पण पंचवीस वर्षांत माणूस थांबायला शिकतही असेल. मी हेही कारण डोक्यात नोंदवून ठेवलं.

मी दारापर्यंत आले आणि खिशातला फोन वाजला. वायोसचा निरोप होता. "दोहाला पोचलो. आई आहे ना?" खाली फोटो. विमानतळावरचा पांढरा उजेड, हातात कागदी पेला, सुजलेले डोळे, टक्कल, आणि मागे जाणारी येणारी माणसं.

मी तो फोटो बघत उभी होते आणि माझ्यामागे खुर्चीत बसलेला माणूस मला बघत होता. हे मला वळून न बघता कळत होतं.

मला वाटतं, मी ओरडायला हवं होतं. शेजारच्यांना बोलवायला हवं होतं. पण त्या वेळी माझ्या मनात एकच विचार आला, आणि तो मी आजही चुकीचा म्हणणार नाही. मावशीनं आईच्या कानात जे सांगितलं होतं, आला बघ, ते तिनं अजून ऐकलं नव्हतं किंवा मानलं नव्हतं. हा आत गेला तर ती मानेल. तिनं मानलं की ती जाईल. आणि माझा भाऊ पंधरा हजार किलोमीटर कापून मढ्यापाशी येईल.

मी वळले. त्याच्या गुडघ्यांवरच्या हातांकडे बघत म्हणाले, "वायोस दोहाला आहे. तू कोण?"

तो म्हणाला, "मला बोलावलं, म्हणून आलो."

"मी नाही बोलावलं."

"माहीत आहे. तू कधीच बोलावलं नाहीस." त्यात राग नव्हता. "एकदा बघू दे तिला, लाम्ब्रिनी. नुसतं बघतो आणि जातो."

"नाही," मी म्हणाले.

६

मी दोन खोल्यांच्या मधल्या दारात खुर्ची टाकून बसले. एका बाजूला आईचा पलंग, दुसऱ्या बाजूला अर्धवट लोटलेलं बैठकीचं दार. मावशी कोपऱ्यात संतांच्या चित्रापुढच्या दिव्यात तेल घालत होती, पुन्हा पुन्हा, दिवा भरलेला असताना.

सकाळ सरत गेली. बैठकीच्या खोलीतून मधूनच खोकला यायचा. दाबलेला, दुसऱ्याची झोप मोडू नये म्हणून खोकतात तसा. मधूनच तेच. "जागी आहे का ती?" मी दर वेळी म्हणायचे, "झोपलीय." पुढे पुढे मी उत्तर देणं सोडलं, तरी तो विचारत राहिला, त्याच आवाजात, जराही न चिडता. त्या न चिडण्याचीच मला सर्वांत जास्त भीती वाटत होती.

दुपारच्या आधी आईनं डोळे उघडले.

"बाहेर कोण आहे?"

"कोणी नाही, आई."

"खोकतंय कोणी तरी."

"मावशी असेल."

मावशी तिच्या समोरच उभी होती. पण आईला तेवढं दिसत नव्हतं. ती काही वेळ ऐकत राहिली. "वायोस आला का?"

"निघालाय. रात्री आठला येईल. तेवढा धीर धर." मी तिचा हात हातात घेतला. "माझ्यासाठी धर."

"गारठलाय गं तो," आई म्हणाली.

मी तिला पाणी पाजलं आणि पुन्हा दारात येऊन बसले. बैठकीच्या खोलीतला आवाज बंद झाला होता. खोकला नाही, खुर्ची नाही, काही नाही. ते मला सहन होईना. दाराच्या फटीतून मी आत पाहिलं.

तो खुर्ची सोडून उठला होता. शेगडीच्या खोलीला लागून असलेल्या भिंतीपाशी उभा होता, भिंतीकडे तोंड करून, अगदी कपाळ टेकवून. एक तळवा भिंतीवर पसरून ठेवला होता. कोट त्याला नीट बसत होता. पंचवीस वर्षांपूर्वी बसायचा तसाच. बाहीतून निघालेला तो हात मी पाहिला आणि तो हात मला ओळखीचा वाटला, अंगठ्यावरच्या कोयत्याच्या खुणेसकट.

मी मान वळवून आईकडे पाहिलं. ती कुशीवर वळली होती. तिनंही आपल्या बाजूनं भिंतीवर तळवा टेकवला होता, त्याच उंचीवर.

मी उठले आणि तिचा हात भिंतीवरून काढून घोंगडीखाली घातला. तिनं विरोध केला नाही. तिच्या हातात तेवढं बळच नव्हतं. तेवढ्यात पलीकडे काही तरी पडलं, जड कापड जमिनीवर पडावं तसं.

मी गेले तेव्हा खोली रिकामी होती. कोट भिंतीशी पडला होता, सगळी बटणं लावलेली. कॉफी कपात तशीच गार पडली होती. मी कोट उचलला तर तो आतून गार आणि ओला होता. मी तो मागच्या अंगणात नेऊन बर्फात टाकला, वर फावड्यानं बर्फ लोटलं आणि आत येऊन हात घासून घासून धुतले. मला वाटलं, जिंकले. खरंच असंच वाटलं.

आत आई रडत होती. आवाज नव्हता, फक्त डोळ्यांतून पाणी येऊन कानात उतरत होतं. संध्याकाळपर्यंत ते थांबलं नाही.

७

दुपारी अथेन्सहून निरोप आला, "उतरलो, गाडी मिळाली." त्यानंतर काही नाही. शेजारचा आकिलेआस सांगून गेला की बर्फ काढणारी गाडी खालच्या पुलापाशीच अडकली आहे, आज काही घाट उघडत नाही. मी वायोसला फोन लावला, लागेना. डोंगरात रेंज नेहमीच जाते. मावशी म्हणाली, बिचारा खालच्या गावातच अडकणार. मी मनातल्या मनात हिशेब वाढवला. आता सकाळ. आईला सकाळपर्यंत धरायचं.

आठ वाजता दारावर थाप पडली.

वायोस आत आला. जाड झालेला, टकला, हातात चाकाची बॅग, गळ्यात विमानात झोपायची ती उशी. त्यानं मला मिठी मारली. त्याला विमानाचा शिळा वास येत होता, आणि त्या वासानं मला इतकं बरं वाटलं की मी त्याच्या खांद्यावर डोकं ठेवून हसत सुटले. त्याचा फोटोतला चेहरा, फोटोतला शर्ट, सगळं जागच्या जागी होतं. त्यानं उभ्याउभ्याच भांडंभर पेज प्यायली आणि म्हणाला, मेलबर्नला हिला चव येत नाही, पाणी वेगळं. गाडीवाल्यानं लुटलं म्हणाला. तो असाच बोलतो.

"रस्ता कसा होता?" मी विचारलं.

"रस्ता?" तो म्हणाला. "बरा होता." मग हात पुसले. "कुठल्या खोलीत आहे ती?"

पलंग हलवलेला त्याला माहीत नव्हता. त्याला विचारावंच लागणार होतं. मी त्याला आत नेलं. मावशी उठून उभी राहिली आणि मग, का कोण जाणे, भिंतीला जाऊन टेकली.

वायोस पलंगावर वाकला, आईचा हात त्यानं दोन्ही हातांत धरला आणि तो रडायला लागला. "आई, मी आलो. बघ ना."

आईनं डोळे उघडले. तिनं त्याच्या दिशेनं बराच वेळ पाहिलं. मग मान माझ्याकडे वळवली.

"हा कोण?"

"वायोस, आई. वायोस आला."

"वायोस सकाळी आला होता," आई म्हणाली. दोन दिवसांत ती इतकं सलग बोलली नव्हती. "दिवसभर बाहेर बसला होता. तू त्याला येऊ दिलं नाहीस. मी विचारलं, तर म्हणालीस, कोणी नाही." तिनं श्वास घेतला. "याला सांग, माझा हात सोड."

त्यानं हात सोडला नाही. "लाम्ब्रिनी," तो म्हणाला, "सांग ना तिला. मीच आहे म्हणून सांग."

माझ्याकडे सांगायला सगळं होतं. म्हातारीला दिसत नाही. तिला केस असलेला पोरगा आठवतोय, हा पन्नाशीचा जाडा माणूस तिला कसा ओळखू येणार. माझ्याकडे तिकीट होतं, फोटो होता, दोहा होतं, अथेन्स होतं. नुसतं "हो, आई" म्हणायचं होतं. मी तोंड उघडलं आणि मला तो आठचा ठोका आठवला. बावीस वर्षांत मी हजारो माणसांना पोचायची वेळ सांगितली आहे. कोणाचं विमान उशिरा सुटतं, कोणाची बॅग हरवते, कोणी चुकीच्या बसमध्ये बसतं. मी सांगितलेल्या मिनिटाला दारात येऊन उभा राहिलेला माणूस मी आजवर एकही पाहिला नव्हता. आणि घाट तर बंद होता.

मला "हो" म्हणता आलं नाही. "नाही" म्हणायचाही धीर झाला नाही.

आई माझी वाट बघत होती. त्या दोन शब्दांची. मग तिनं माझ्यावरची नजर काढली आणि भिंतीकडे तोंड केलं. तिथे आता कोणी नव्हतं, मीच घालवलं होतं. तिचा दुसरा हात घोंगडीतून निघून भिंतीपर्यंत गेला, पोचला नाही, आणि मध्येच खाली पडला.

मावशीनं छातीवर क्रूसाची खूण केली. शेगडीत लाकूड तडकलं.

वायोसचं रडणं थांबलं. हळूहळू नाही, एकदम. त्यानं आईचा हात घोंगडीवर ठेवला, नीट, बोटं सरळ करून, आणि चेहरा पुसला. पुसण्यासारखं काही मला दिसलं नाही. दाराशी ठेवलेली माझी खुर्ची त्यानं ओढली, तीत बसला, हात गुडघ्यांवर ठेवले आणि पाय जवळ घेतले.

"दमलास तू," मी म्हणाले, कारण काही तरी बोलायला हवं होतं. "परतीचं तिकीट पुढे ढकलते. सावकाश जा."

"नको," तो म्हणाला. "आता मला कुठे जायचं नाहीये."

आणि त्यानं खुर्ची माझ्याकडे वळवली.